नाव खरवडलेली तबकडी : सॅम्पलिंगचा इतिहास आणि अनामिक वादक

१९६९ साली ‘द विन्स्टन्स’ या अमेरिकन वाद्यवृंदाने अटलांटा शहरात ‘कलर हिम फादर’ नावाचे गीत ध्वनिमुद्रित केले. वॉशिंग्टनमधून पुढे आलेला हा लहानसा समूह तोवर फारसा कुणाला ठाऊक नव्हता. मात्र हे गीत लोकप्रिय झाले आणि त्याचे रचनाकार रिचर्ड स्पेन्सर यांना १९७० साली ग्रॅमी पुरस्कारही लाभला. तबकडीची मागची बाजू कोरी ठेवता येत नसे. म्हणून एका परिचित भक्तिगीताच्या वळणावर एक वाद्यरचना घाईघाईने उभी करण्यात आली आणि तिला ‘आमेन, ब्रदर’ असे नाव देण्यात आले. लांबीला ती अपुरी पडत होती. तेव्हा मध्येच सर्व वाद्ये थांबवून ग्रेगरी कोलमन या ड्रमवादकाने चार आवर्तने एकट्याने वाजवावीत, असे ठरले. या चार आवर्तनांचा काळ सुमारे सात सेकंदांचा आहे.

पुढच्या काळात या सात सेकंदांचे तुकडे अक्षरशः हजारो ध्वनिमुद्रणांत वापरले गेले. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील रॅप कलावंतांनी त्यांची गती मंद करून त्यांवर आपले शब्द चढवले. १९९० नंतर इंग्लंडमध्ये हेच तुकडे द्रुत लयीत नेऊन, त्यांतील एकेक आघात सुटा करून, पुन्हा वेगळ्या क्रमाने जोडले गेले आणि त्यातून ‘जंगल’ नावाचा एक स्वतंत्र नृत्यसंगीतप्रकारच जन्माला आला. स्पेन्सर यांना या साऱ्याची वार्ता लागली ती १९९६ मध्ये. त्यानंतर २००६ साली कोलमन अटलांटामध्ये बेघर आणि निर्धन अवस्थेत मरण पावला. २०१५ मध्ये इंग्लंडमधील काही संगीतप्रेमींनी वर्गणी काढून सुमारे २४ हजार पौंडांची रक्कम स्पेन्सर यांच्या हाती सुपूर्त केली. कायद्याने त्यांना या वापरापोटी कधीही काही मिळाले नव्हते. तेही २०२० साली निवर्तले.

सॅम्पलिंगचा इतिहास लिहिताना ही कथा बहुधा अखेरीस एखाद्या करुण तळटीपेसारखी येते. वास्तविक ती आरंभीच यावयास हवी, कारण या कलेचा सगळा पेच तीत सामावलेला आहे. उसने घेणाऱ्यांनी काय निर्माण केले, हा एक प्रश्न झाला. ज्याच्याकडून उसने घेतले त्याचे नाव कुठे गेले, हा दुसरा, आणि तो पहिल्याहून कठीण आहे.

सॅम्पलिंग म्हणजे आधी झालेल्या ध्वनिमुद्रणातील एखादा अंश उचलून तो नव्या रचनेचा घटक म्हणून योजणे. येथे एक भेद स्पष्ट करणे अगत्याचे आहे. चाल उसनी घेणे ही गोष्ट मराठी वाचकाला मुळीच नवी नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’ (१८८०) आणि ‘सौभद्र’ (१८८२) या नाटकांपासून संगीत नाटकाच्या छापील संहितेत पदाच्या माथ्यावर मूळ चालीचा निर्देश करण्याचा परिपाठ होता. लावणी, साकी, दिंडी, कानडी पदे असे हे ऋण उघडपणे मांडलेले असे आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. परंतु चाल उसनी घेतली तरी ती नव्या गळ्याने गावी लागते. गाणाऱ्याचा श्वास, त्याचे वजन, त्याच्या जागा नव्याच असतात. सॅम्पलिंगमध्ये चालीबरोबर, किंबहुना चालीऐवजी, तो मूळ श्वासच उचलला जातो. कोलमनने त्या दिवशी त्या खोलीत कातड्यावर मारलेली टिपरी, तिच्या भोवतीच्या हवेसह, नव्या रचनेत येते. ध्वनिमुद्रणाचे तंत्र अस्तित्वात येण्यापूर्वी असे ऋण संभवतच नव्हते.

काव्यशास्त्राने उसनवारीचा विचार मात्र फार पूर्वी केला आहे. दहाव्या शतकाच्या आगेमागे कनोजच्या दरबारी असलेल्या, आपल्या पणजोबांना महाराष्ट्राचे भूषण म्हणविणाऱ्या राजशेखराने ‘काव्यमीमांसे’चे तीन अध्याय शब्दहरण आणि अर्थहरण यांना दिले आहेत. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचा पहिला ग्रंथ म्हणून १९१६ साली ती प्रसिद्ध झाली. अर्थहरणाचे प्रतिबिंबकल्प, आलेख्यप्रख्य आणि तुल्यदेहितुल्य हे तीन प्रकार आनंदवर्धनाकडून आलेले. राजशेखराने त्यांत परपुरप्रवेशसदृश या चौथ्याची भर घातली. आशय तोच ठेवून केवळ शब्दांची मांडणी बदलणे हे प्रतिबिंब, आणि ते त्याज्य. मूळ एकच, पण भोवतीचा सारा साज निराळा, ते परपुरप्रवेशासारखे, आणि ते ग्राह्य. सॅम्पलिंगला हा मापदंड लावला तर मोठी गंमत होते. सामग्रीच्या दृष्टीने पाहावे तर ते निखळ प्रतिबिंब, नव्हे, बिंबच. आणि परिणामाच्या दृष्टीने पाहावे तर त्याचे उत्तम नमुने चौथ्या प्रकारात बसतात. तथापि राजशेखराचा सगळा विवेक घेणाऱ्या कवीच्या गुणदोषांपुरता आहे. ज्याचे हरण झाले तो कवी बहुधा दिवंगत, नाही तर सर्वज्ञात असे. त्याचे पोट त्या श्लोकावर अवलंबून नसे. सॅम्पलिंगचा धनको जिवंत असतो, आणि पुष्कळदा त्याला कुणी ओळखत नसते.

मुद्रित ध्वनी हीच रचनेची सामग्री मानण्याचा पहिला सिद्धान्तपूर्वक प्रयत्न फ्रान्समध्ये झाला. पॅरिसच्या नभोवाणीवर अभियंता असलेल्या पिएर शेफेर यांनी १९४८ साली आगगाडीच्या ध्वनींवर आधारलेली रचना प्रसारित केली. त्यांच्याही आधी, १९४४ मध्ये, कैरो येथे हलीम अल्-दाब यांनी झार विधीतील आवाज तारेवर मुद्रित करून त्यांवर असेच संस्कार केले होते. परंतु हे प्रयोग प्रयोगशाळेतले. लोकप्रिय संगीतातील सॅम्पलिंग त्यांच्यापासून उगवले नाही. त्याचा वंशवृक्ष जमैकाकडे जातो.

किंग्स्टन शहरातील गोरगरिबांना वाद्यवृंद परवडत नसे, म्हणून तेथे प्रचंड कर्ण्यांचे ‘साउंड सिस्टिम’ गल्लोगल्ली उभे राहिले. कोणत्या सिस्टिमवाल्याकडे कोणती दुर्मिळ तबकडी आहे यावर त्याची पत ठरे. साहजिकच प्रतिस्पर्ध्याला गीताचा पत्ता लागू नये म्हणून तबकडीवरचे लेबल खरवडून किंवा भिजवून काढून टाकण्याची रीत पडली. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तेथेच गायन वगळून उरलेल्या ठेक्याची ‘व्हर्जन’ निघू लागली आणि किंग टबी, ली पेरी यांसारख्या तंत्रज्ञांनी मुद्रित ध्वनीची मोडतोड करण्याची एक स्वतंत्र कला घडवली.

याच किंग्स्टनमध्ये जन्मलेला क्लाइव्ह कॅम्पबेल बालपणीच न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात आला आणि ‘डीजे कूल हर्क’ म्हणून ओळखला जाऊ लागला. ११ ऑगस्ट १९७३ रोजी १५२०, सेज्विक अॅव्हेन्यू या इमारतीच्या सामायिक दालनात त्याच्या बहिणीने शाळा सुरू होण्यापूर्वी एक छोटा समारंभ योजला होता. तेथे तबकड्या वाजवण्याचे काम हर्ककडे होते. हिप-हॉपची जन्मतिथी म्हणून हाच दिवस मानण्याचा प्रघात आहे. एखाद्या सांस्कृतिक प्रवाहाला इतकी नेमकी जन्मतिथी नि घरक्रमांक असणे इतिहासकाराने जरा सावधपणेच घ्यावे. पण हर्कच्या निरीक्षणाचे मोल त्याने कमी होत नाही. नाचणारी मुले गीताच्या एका विशिष्ट टप्प्याची, गायन थांबून नुसता ठेका उरतो त्या क्षणाची, वाट पाहत उभी असतात, हे त्याने हेरले. मग त्याने एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन फिरकींवर ठेवून तो ठेका पुनःपुन्हा वाजवायला सुरुवात केली. आणि जमैकातली ती जुनी रीतही तो विसरला नव्हता. त्याच्या तबकड्यांची लेबले भिजवून काढलेली असत.

हे घडत होते ते ब्रॉन्क्स उद्ध्वस्त होण्याच्या काळात. क्रॉस-ब्रॉन्क्स एक्स्प्रेसवे या महामार्गाने वस्त्यांच्या चिरफळ्या केल्या होत्या, इमारतींना आगी लागत होत्या, आणि १९७५ च्या आर्थिक अरिष्टात शहराने शाळांतील कलाशिक्षकांवर कुऱ्हाड चालवली होती. वाद्य विकत घेणे किंवा शिकणे ज्यांना शक्य नव्हते त्यांच्या घरी आईवडिलांच्या तबकड्या आणि एक फिरकी एवढेच होते. त्यांनी तबकडीलाच वाद्य केले. ग्रँडमास्टर फ्लॅश याने ठेक्याचा नेमका आरंभबिंदू पकडण्याचे शास्त्र सिद्ध केले. त्याच्या वर्तुळातील ग्रँड विझर्ड थिओडोर याने तबकडी मागेपुढे घासून निघणारा आवाजच रचनेत आणला. येथे एक गोष्ट सहज निसटते : १९७९ साली ज्या ‘रॅपर्स डिलाइट’ या गीतामुळे हे संगीत जगाला कळले, त्यात तबकडीचा ठेका उचललेला नसून ‘शीक’ या समूहाच्या ‘गुड टाइम्स’चा आधार वादकांकडून नव्याने वाजवून घेतला होता. नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स या मूळ रचनाकारांनी आक्षेप घेतल्यावर त्यांची नावे श्रेयात आली. ऋण मान्य झाले, पण ते चालीचे, स्वरावलीचे. वाजवणाऱ्या हाताचे नव्हे.

यंत्रे आली ती यानंतर. सिडनीतील पीटर व्होगेल आणि किम रायरी यांनी १९७९ मध्ये बाजारात आणलेल्या फेअरलाइट या संगणकीय वाद्याने कोणताही ध्वनी साठवून स्वरपट्टीवर वाजवता येऊ लागला, आणि सॅम्पलिंग हा शब्दही त्याच यंत्राच्या निमित्ताने संगीतात रुळला. ते अर्थात श्रीमंतांचे खेळणे होते. १९८७ चे ‘एसपी-१२००’ आणि रॉजर लिन यांनी आकाइ कंपनीसाठी घडवलेले १९८८ चे ‘एमपीसी-६०’ ही यंत्रे तुलनेने आवाक्यातली ठरली. पहिल्याची स्मरणक्षमता अवघी दहा सेकंदांची. कलावंत मग तबकडी ३३ ऐवजी ४५ फेऱ्यांवर चालवून, ध्वनी आक्रसून आत भरत आणि यंत्रात तो पुन्हा मंद करीत. यामुळे आवाजाला जो खरखरीतपणा येई तोच पुढे त्या काळाच्या शैलीची खूण होऊन बसला. अडचणीतून शैली निघते याचे इतके स्वच्छ उदाहरण छंदशास्त्राच्या इतिहासातही क्वचितच सापडेल.

१९८८ मधील पब्लिक एनिमीचा ‘इट टेक्स अ नेशन ऑफ मिलियन्स टू होल्ड अस बॅक’ आणि १९८९ मधील डे ला सोलचा ‘थ्री फीट हाय अँड रायझिंग’ हे संग्रह या पर्वाचे शिखर होत. त्यांत एकेका गीतात अनेक तबकड्यांचे तुकडे असे एकमेकांत विणलेले असत की मूळ वस्त्र ओळखणे कठीण व्हावे. जेम्स ब्राउनच्या ‘फंकी ड्रमर’मधील ठेका या काळात सर्वत्र ऐकू येई. १९६९ च्या नोव्हेंबरात सिनसिनाटी येथे तो वाजवला क्लाइड स्टबलफील्ड यांनी. तबकडीवर रचनाकार म्हणून नाव एकट्या ब्राउन यांचे. स्टबलफील्ड २०१७ साली निवर्तले तेव्हा वृत्तपत्रांनी त्यांना जगात सर्वाधिक उचलले गेलेले ड्रमवादक म्हणून गौरवले. त्या उचलण्यापोटी रचनाकाराचे स्वामित्वधन मात्र त्यांना कधी मिळाले नाही.

न्यायालये या व्यवहारात उतरली ती १९९१ मध्ये. बिझ मार्की याने गिल्बर्ट ओ’सलिव्हन यांच्या १९७२ च्या गीताचा अंश अनुमतीवाचून वापरला होता. न्यूयॉर्कच्या संघराज्य न्यायालयातील न्यायाधीश केव्हिन डफी यांनी निवाड्याचा आरंभच बायबलमधील चोरीविषयक आज्ञेने केला, विक्रीस मनाई केली, आणि प्रकरण फौजदारी कारवाईच्या विचारार्थ पाठवले. तो खटला पुढे उभा राहिला नाही. पण दहशत बसली. २००५ साली ब्रिजपोर्ट म्युझिकच्या दाव्यात सहाव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने याहून पुढचे पाऊल टाकले. फंकाडेलिक समूहाच्या गीतातील गिटारचे अवघे दोन सेकंद, तेही सूर उतरवून वापरले, तरी परवाना हवा, असा त्याचा आशय होता. याच कंपनीने २००१ मध्ये सुमारे ८०० प्रतिवादींविरुद्ध जवळपास ५०० दावे एकदम दाखल केले होते. ज्या जॉर्ज क्लिंटन यांच्या समूहाचे ते संगीत, त्यांचा स्वतःचाच हक्कांविषयी या कंपनीशी दीर्घ वाद चालू होता, ही बाब फारशी सांगितली जात नाही. पुढे २०१६ मध्ये नवव्या परिमंडळाने, मॅडोनाच्या ‘व्होग’ गीतातील पाव सेकंदाहूनही लहान असलेल्या वाद्यध्वनीबाबत, नेमके उलट मत दिले. म्हणजे अमेरिकेच्या एका भागात दोन सेकंद ही चोरी आणि दुसऱ्या भागात पाव सेकंद ही उपेक्षणीय बाब.

परवान्यांच्या या व्यवस्थेने श्रीमंत कलावंतांचे फारसे बिघडले नाही. बिघडले ते विणकरीचे. एका गीतात वीस तुकडे वापरायचे तर वीस मालकांशी करार हवेत; म्हणून एकच मोठा, ओळखीचा तुकडा घेऊन त्याचे मोल चुकते करणे सोयीचे झाले. डे ला सोलचे आरंभीचे संग्रह परवान्यांच्या गुंत्यामुळे इंटरनेटवरील संगीतसेवांवर येऊ शकले ते थेट ३ मार्च २०२३ रोजी. समूहातील डेव्हिड जोलिकर याआधी अवघे काही आठवडे, १२ फेब्रुवारीला, मरण पावला होता.

हिंदी चित्रपटसंगीताचा या इतिहासाशी संबंध येतो तो २००२ च्या सुमारास. ट्रूथ हर्ट्स या गायिकेच्या ‘अॅडिक्टिव्ह’ या गीतात ‘ज्योती’ (१९८१) या चित्रपटातील लता मंगेशकरांच्या ‘थोडा रेशम लगता है’ या गाण्याचा मोठा अंश अनुमतीवाचून वापरला होता. संगीतकार बप्पी लाहिरी यांनी लॉस एंजेलिसच्या न्यायालयात धाव घेतली. पाश्चात्त्य चाली हिंदीत आणल्याचा आक्षेप ज्यांच्यावर वारंवार घेतला गेला, तेच आता फिर्यादी झाले होते. या विरोधाभासाची त्या वेळी बरीच थट्टा झाली. ती समजण्यासारखी असली तरी मुद्द्याला धरून नव्हती. २००३ च्या आरंभी न्यायालयाने, लाहिरींचे नाव श्रेयात दिल्याशिवाय संग्रहाची विक्री करू नये, असा आदेश दिला. एक भारतीय नाव अमेरिकन तबकडीवर न्यायालयाच्या हुकमाने चिकटवले जाण्याचा हा विरळा प्रसंग. पण पुढे दावा टिकला नाही. निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी करवून घेतलेल्या रचनेचा प्रथम स्वामी निर्माताच, हे भारतीय कायद्याचे सूत्र आड आले. २०१० मध्ये अपील न्यायालयाने, निराधार दावा रेटल्याबद्दल लाहिरींच्या वकिलावर बसवलेला दंडही कायम केला.

दुसरे प्रकरण याहून बोलके आहे. ‘आराधना’ (१९६९) मधील ‘बागों में बहार है’ या गाण्याचा सेकंदभराचा अंश टिंबलंड या निर्मात्याने २००५ च्या एका रॅप गीतात वापरल्याचा दावा सारेगामा कंपनीने फ्लोरिडात केला. अकराव्या परिमंडळाने २०११ मध्ये तो फेटाळला. कारण शक्ती फिल्म्सबरोबर १९६७ साली झालेल्या करारानुसार कंपनीचा एकाधिकार केवळ दोन वर्षांचा होता. चाळीस वर्षे जी कंपनी त्या गाण्याची मालक समजली जात होती, तिच्या मालकीचा पायाच परदेशी न्यायालयात जुना कागद वाचल्यावर ढासळला.

निर्मात्याच्या प्रथम स्वामित्वाचे सूत्र सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीच्या प्रकरणात मांडले होते. त्या निवाड्याला न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी जोडलेली टिपणी अभ्यासकांनी मुळातून पाहण्याजोगी आहे. १९५७ च्या कायद्याच्या मूळ व्याख्येप्रमाणे संगीतकृती म्हणजे लिहिलेली स्वरलिपी. गाणाऱ्याच्या कलेला तीत स्थानच नव्हते. ज्या देशात संगीत हे कागदावर नव्हे तर गळ्यात आणि बोटांत वसते, त्या देशाने आपल्या कायद्यासाठी युरोपीय कागद उसना घेतला होता, ही उणीव त्यांनी अचूक दाखवली. व्याख्या बदलली १९९४ मध्ये. गीतकार, संगीतकार आणि सादरकर्ते यांचा स्वामित्वधनाचा हक्क दृढ झाला तो २०१२ च्या दुरुस्तीने.

तरीही वाद्यवृंदात बसलेला वादक प्रत्यक्षात या सगळ्याबाहेरच राहिला. ब्रिटनी स्पीअर्सच्या ‘टॉक्सिक’ या २००४ च्या गीतात वरच्या पट्टीत उसळणारी जी व्हायोलिने जगभर ऐकली गेली ती ‘एक दूजे के लिये’ (१९८१) मधील ‘तेरे मेरे बीच में’ या गाण्यातली, लक्ष्मीकांत कुडाळकर आणि प्यारेलाल शर्मा यांच्या वाद्यवृंदाची. ‘टॉक्सिक’ला २००५ साली ग्रॅमी मिळाले. ती व्हायोलिने कुणाच्या हातांनी वाजवली, हे ‘एक दूजे के लिये’च्या तबकडीवरही छापलेले नाही. १९४० पासूनच्या काही दशकांत मुंबईच्या चित्रपट वाद्यवृंदांतील व्हायोलिन, ट्रम्पेट, सॅक्सोफोन ही वाद्ये मोठ्या प्रमाणावर गोव्यातून आलेल्या ख्रिस्ती वादकांच्या हाती होती. चर्चच्या शाळांतून स्वरलिपी शिकलेले हे लोक. सेबॅस्टियन डिसोझांसारख्या संयोजकांनी त्या संगीताचा सांगाडाच घडवला. पण पडद्यावरच्या नामावलीत बहुधा एकटे संगीतकार असत, फार तर साहाय्यक. हर्कने लेबले पाण्यात भिजवून काढली; मुंबईच्या तबकड्यांवर ही नावे मुळात छापलीच गेली नव्हती.

एक नाव मात्र भलत्याच वाटेने उरले. मजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे व्हायोलिनवादक आणि संयोजक. प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. त्यांनी १९५८ मध्ये भारतीय रागांवर आधारित सिम्फनी वाद्यवृंद उभारून पाहिला आणि पुढे ते अमेरिकेला गेले. १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’ चित्रपटातील एका विनोदी गाण्यात नायकाचे पूर्ण नाव घालायचे होते, तेव्हा प्यारेलाल यांनी आपल्या गुरूंचे सुचवले. अंड्यातून बाहेर पडणारा, काळा कोट घातलेला नायक ते नाव घेतो आणि लाखो प्रेक्षक ते त्याच्याबरोबर म्हणतात. ते एका वादकाचे आहे हे मात्र त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असते.